गोप्या

१

मसाल्याच्या गल्लीत राबणाऱ्या माणसाने घरी गेल्या गेल्या तान्ह्या पोराला हात लावू नये. स्वप्नीलला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज आहे असं कुणाला वाटलंही नव्हतं.

आठवीत शाळा सुटली तेव्हापासून तो लालबागला मिरची कुटायच्या मशीनवर होता. उन्हाळ्यात तिथे श्वास घ्यायला फुरसत नसायची. वर्षाचा मसाला करून घ्यायला बाया डबे घेऊन रांगेत बसायच्या आणि लोखंडी मुसळं सकाळपासून धाडधाड खाली येत राहायची. मिरचीची पूड नखांत, कानांत, पापण्यांत जाऊन बसायची. त्याला स्वतःला तिचं काही वाटेनासं झालं होतं. काम संपलं की तो चालत चिंचपोकळीच्या चाळीत यायचा, साबणाने हात धुवायचा आणि आपण स्वच्छ झालो असं समजायचा.

पोर जन्मून तीन आठवडे झाले असतील. एका संध्याकाळी त्याने रुपालीच्या कुशीतून त्याला उचललं आणि गालावर ओघळलेलं दूध बोटाने पुसलं. बोट डोळ्याच्या कडेला जरा लागलं. पोराने असा टाहो फोडला की गॅलरीतली माणसं दारात जमा झाली. डोळा लालबुंद झाला, सुजला. डॉक्टरांनी तो धुऊन दिला, म्हणाले, घाबरू नका, उतरेल. उतरलाही. रुपाली त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानंतर स्वप्नील आधी हातांना खोबरेल चोळायचा, मग बेसन लावायचा, मग साबण. आणि एवढं करूनही पाळण्यापासून हातभर लांब बसायचा.

डोळा बरा झाला, पण पोर रडायचं थांबलं नाही. डॉक्टर म्हणाले, पोटात वायू धरतो, पहिले काही महिने असंच चालायचं. दिवेलागणीला सुरू झालेलं रडणं कधी थांबेल याचा नेम नसे. स्वप्नीलची आई कमल ओव्याने पोट शेकायची. शेजारची म्हातारी जाईबाई मीठमोहऱ्या उतरवायची. रुपालीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं. ती बिचारी उभ्या उभ्या झोपायची. एकदा तवा तापत राहिला, भाकरी जळून कोळसा झाली, आणि ती समोर डोळे मिटून उभी.

बाकीचे काहीही म्हणोत, स्वप्नीलच्या मनात एकच बसलं होतं. आपलं पोर आपल्याला बघून रडतं.

२

बारसं सव्वा महिन्याने केलं.

त्यांच्याकडे बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला धुऊन, हळदकुंकू लावून, बाळासारखंच अंगडं आणि कुंची घालतात आणि गोप्या म्हणतात. एक बाई त्याला पाळण्याखालून देते, दुसरी वरून परत करते. मग तसंच बाळाला. पोर दगडासारखं टणक निपजावं, एवढाच त्याचा अर्थ. कमलकडे मिक्सर होता, पण माशाच्या आमटीचं वाटप तिला पाट्यावरचंच लागायचं, त्यामुळे मोरीशेजारच्या कोपऱ्यात पाटा-वरवंटा अजून टिकून होता. स्वप्नीलच्या बहिणीने, प्राचीने, हिरव्या खणाच्या दोन कुंच्या शिवून आणल्या होत्या. कापड एकच, माप एकच.

कमलने गोप्याला नटवलं. दातात पिन धरून ती म्हणाली, "झिला, धर ह्याका जरा."

स्वप्नीलने धरलं. डोक्यावरून कुंची पाठीवर सोडलेली, खाली झबलं. वजन हातात छान बसलं. गार, घट्ट आणि गप्प. मागे पोर रडत होतं, रुपाली अंगात कणकण घेऊन चौरंगावर बसली होती. स्वप्नीलच्या ध्यानात आलं तेव्हा तो त्या वरवंट्याला हलके हलके थोपटत होता. आणि त्याच्या मनात आलं, पोर असं असतं तर किती बरं झालं असतं.

तो विचार त्याने लगेच झटकला. पण आला होता, हे त्याच्यापासून लपलं नाही.

मग पुरुष गॅलरीत गेले आणि खोली बायकांनी भरली. आतून जाईबाईचा आवाज यायला लागला, "गोविंद घ्या, गोपाळ घ्या." पोराचा आवाज त्याच्याही वर होता. थोड्या वेळाने पलीकडच्या खोलीतली माया गाठोडं घेऊन दारात आली.

"घे रे बाबा तुझं कार्टं. कान किटले सगळ्यांचे. जरा वाऱ्याला धर, हाक मारली की दे."

स्वप्नीलने पोराला खांद्यावर घेतलं. हात तीनदा धुतलेले होते. तो कठड्याशी जाऊन उभा राहिला आणि पोर गप्प झालं. मान त्याच्या गळ्याशी टेकली. श्वास संथ झाला. जन्मल्यापासून पहिल्यांदा ते बापाच्या अंगावर झोपलं.

तेवढ्यात आत पाळणा म्हणायला सुरुवात झाली. हाक कुणी मारली नाही. दारातल्या बायकांच्या डोक्यांवरून त्याला दिसलं, की प्राची पाळण्यात वाकली आहे, हाताचा आडोसा करून हिरव्या कुंचीत तोंड घातलं आहे, कानात कुर्र करते आहे, आणि रीतीप्रमाणे चार जणी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालत आहेत.

"काय नाव? काय नाव?"

"हर्षवर्धन!"

"अगं बाई, एवढं लांब?" जाईबाई म्हणाली. "हाक पुरी होईस्तो पोर नाक्यावर जाऊन परत येईल."

सगळ्या हसल्या. स्वप्नीलने तोंड उघडलं होतं. अगं, बाळ इथं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण खोलीभर बायका, त्यातल्या निम्म्या अनोळखी. ओरडून सांगावं लागलं असतं, सगळ्यांनी वळून बघितलं असतं, प्राची ओशाळली असती. आणि खांद्यावरचं पोर जागं झालं असतं. नावच तर आहे, त्याने स्वतःला समजावलं. दगडाला ऐकू थोडंच येतं?

घुगऱ्या वाटायला लागल्यावर माया बाहेर आली, झोपलेलं पोर घेऊन गेली आणि पाळण्यात ठेवलं. त्याआधी कमलने वरवंटा उचलून पाट्यावर नेऊन ठेवला होता. त्याची कुंची काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

३

त्या संध्याकाळी दिवे लागले आणि पोर रडलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. कमलने बोटं मोडली. "नाव लागला नि पोर निवळला. देव पावलो." रुपाली झोपायला लागली, तिचा चेहरा पुन्हा माणसात आला. केस विंचरायला तिला वेळ मिळू लागला. एकदा तर तिने गॅलरीत मायाशी उभं राहून गप्पा मारल्या आणि हसली.

आणि स्वप्नील बाप झाला. कामावरून आल्यावर, हात धुऊन झाल्यावर, तो पोराला मांडीवर घ्यायचा. पोर त्याच्याकडे टक लावून बघायचं. आपल्याला बघून ते तोंड वाकडं करत नाही, याचं त्याला रोज नवल वाटायचं. खांद्यावर घेतलं की ते तिथेच झोपायचं. गल्लीत कुणी नाव विचारलं तरी मान खाली घालून सांगणारा हा माणूस पोराशी तासन्‌तास बोलायचा. आज कुणाची मिरची ओली निघाली, कोण बाई धण्यांच्या वजनावरून भांडली.

फक्त नावाने हाक मारायला त्याची जीभ वळत नसे. तो बाळच म्हणायचा. घरात सगळेच तसंच म्हणायचे; नाव लांब होतं.

एका रविवारी प्राची गिरगावातून आली. पोराला हलवत बसली असताना स्वप्नीलने सहज विचारल्यासारखं विचारलं, "बारशाला तू नाव सांगितलंस ना, तेव्हा हा झोपलेला होता?"

"छे रे दादा. टक्क जागा होता."

"तू बघितलंस?"

"म्हणजे काय? एवढं जवळ तोंड नेलं मी. त्या बायांनी पाठ सडकून काढली माझी, एक जण तर जुना हिशोब चुकता करत होती." प्राची हसली. "मी नाव सांगितलं तर पठ्ठ्याने मान वळवली माझ्याकडे. लगेच. एवढंसं पोर, मला वाटलं, काय शार्प आहे यार."

स्वप्नीलने पोराचं अंगडं उगाचच सारखं केलं.

"कान मात्र गार होता त्याचा," ती म्हणाली. "वहिनीला मी म्हटलं पण तेव्हा, याला पंख्याखाली ठेवू नका."

४

पोराचं अंग भरत होतं. दवाखान्यात नर्सने त्याला वजनावर ठेवलं आणि रुपालीला शाबासकी दिली. घरी येताना चिंचपोकळीच्या पुलावर रुपालीने त्याला स्वप्नीलकडे दिलं. "घे बाई याला. हात भरून येतात माझे. घेतला की खाली खाली ओढतो."

बाळसं आहे, स्वप्नील म्हणाला. त्यालाही ओढ जाणवत होती. अंगही गार होतं. पण उन्हाळ्यात मुलांना घाम येतो, घाम वाळला की अंग गार लागतं. यात काय आहे?

पोर हाकेला बघत नाही हे पहिल्यांदा कमलच्या लक्षात आलं. टाळी वाजवली की बघायचं, भांडं पडलं की बघायचं. कान तपासले, चांगले निघाले. "नावानं हाक मारत चला," डॉक्टर म्हणाले. "सारखं सारखं. म्हणजे ओळखेल."

घरी आल्यावर कमलने त्याला मांडीवर घेतलं आणि लाडात हाक मारली, "हर्षवर्धन! अरे ए हर्षवर्धना!"

पोर तिच्या मंगळसूत्राकडे बघत राहिलं.

मोरीशेजारच्या कोपऱ्यात काहीतरी घासलं. दगडावर दगड फिरतो तसा, बेताचा, खरखरीत आवाज. एकदाच.

"उंदीर," कमल म्हणाली.

स्वप्नील उठून बघायला गेला. पाट्यावर वरवंटा होता, हिरव्या कुंचीतला. हल्ली कमल वाटपासाठी मायाकडचा पाटा वापरत होती. का, असं विचारलं तर म्हणाली होती की कुंची काढायला हात होत नाही, लबाड बाळासारखा दिसतो. वरवंटा नेहमी पाट्याच्या मधोमध आडवा असायचा. आता तो कडेला आला होता, खोलीकडे तोंड केल्यासारखा.

वरवंट्याला कुठलं तोंड, स्वप्नील मनाशी म्हणाला. जमीन उतरती असेल. या चाळीत कुठली जमीन सरळ आहे? त्याने वरवंटा उचलून मधोमध ठेवला. तो हाताला हलका लागला. आणि कोमट. भिंतीपलीकडे मायाचा गॅस होता, म्हणून असेल.

त्या दिवसापासून कमल पोराला नावाने हाक मारायची आणि तिच्यामागोमाग कोपऱ्यातून उत्तर यायचं. तिला ऐकू कमी येत होतं, त्यामुळे पहिल्या दिवसानंतर तिने उंदराचं नाव काढलं नाही. रुपालीच्या हातातलं काम मात्र प्रत्येक वेळी थांबायचं. ती वळून बघायची नाही. थांबायची, आणि पुन्हा कामाला लागायची.

५

सीझन संपत आला होता. एका दुपारी मशीनचा पट्टा तुटला म्हणून मालकाने सगळ्यांना घरी पाठवलं. स्वप्नील आला तेव्हा रुपाली धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली होती, कमल देवळात. पोराला खाली गोधडीवर उशांच्या मध्ये ठेवलं होतं. ते कुशीवर वळता वळता पालथं झालं होतं आणि नाक गोधडीत दबलं होतं.

स्वप्नील तसाच धावला. पोराला उचललं, सरळ केलं, तोंडावरून हात फिरवला, श्वास चालतो का बघितलं. चालत होता. त्याच्या जिवात जीव आला. आणि मग त्याला आपले हात दिसले.

पोराच्या गालावर तांबडी बोटं उमटली होती. कपाळावर, नाकावर. पापण्यांच्या केसांवर मिरचीची पूड चिकटली होती. उजव्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, तिचे कण स्पष्ट दिसत होते.

पोर त्याच्याकडे बघत होतं.

स्वप्नील वाट बघत राहिला. टाहो येणार, गॅलरी गोळा होणार, रुपाली जिन्यावरून धावत येणार. त्याला ते हवं होतं. देवा, रडू दे याला, असं तो मनात म्हणाला. पोराची पापणी लवली नाही. कणांच्या खाली डोळा पांढराशुभ्र होता, ओला नसलेला.

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. या वेळी घासण्याचा नव्हता. मांजराचं पिल्लू कुठेतरी अडकावं तसा, बारीक, तुटक. एखाद्याला मोठ्याने रडायचं आहे, पण तेवढा ऊर नाही.

त्याने पोराला खाली ठेवलं. मोरीत हात धुतले, खोबरेल, बेसन, साबण, सगळं. मग फडक्याने पोराचं तोंड पुसलं. पूड सहज निघाली, डोळ्यातलीसुद्धा, टेबलावरची निघावी तशी.

कोपऱ्यातला आवाज बंद झाला होता. तो पाट्यापाशी वाकला. कुंची ओली होती. सगळी नाही, समोर, वरच्या बाजूला, जिथे बाळाचा चेहरा असतो तिथे, एकाच बाजूला ओलसर डाग होता. मोरी जवळ आहे, त्याने स्वतःला सांगितलं. शिंतोडे उडाले असतील.

मोरी दुसऱ्या बाजूला होती.

६

रुपाली धुण्याची रिकामी बादली घेऊन आली आणि त्याला पाट्यापाशी बसलेलं बघून दारातच उभी राहिली. मग तिने दार लोटलं. दिवसा त्यांच्या चाळीत कुणी दार लोटत नाही.

"वाजलं का?" तिने विचारलं.

स्वप्नीलने मान हलवली. त्याला सगळं सांगायचं होतं. सुरुवात कुठून करावी हे कळेना. "रूपा, बारशाला... नाव सांगितलं तेव्हा पाळण्यात..."

"मला माहितीय."

तो पाट्यापासून उठला.

"मी चौरंगावर बसले होते ना," रुपाली म्हणाली. "पाळणा माझ्यासमोरच होता. मायाने याला उचलून बाहेर नेलेलं मी बघितलं. प्राची दगडावर वाकली तेपण बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास? दारात होतास की."

रुपाली भिंतीला टेकून खाली बसली. बोलताना ती पोराकडे बघत नव्हती.

"तुझ्या खांद्यावर झोपलेला दिसला मला. वाटलं, झोपू दे. आणलं की पुन्हा सुरू करेल. मला फक्त थोडा वेळ शांत पाहिजे होतं रे. थोडा वेळच. मग रात्री नाही रडला. म्हटलं, असू दे. दुसऱ्या दिवशी नाही रडला. म्हटलं, आता कशाला काढायचं. मला झोप येत होती स्वप्नील. आई होऊन मी झोपेसाठी गप्प बसले."

"मीपण," तो म्हणाला.

"याला अंगावर घेते ना मी, तर नुसता तोंडात धरतो. काही वाटतच नाही मला." तिने पदर पुढे ओढून घेतला. ब्लाउज ओला झालेला त्याला तरीही दिसला. "आणि तिकडे कोपऱ्यात ते वाजतं, तेव्हा मला पान्हा फुटतो."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. उशांच्या मध्ये पोर पंख्याकडे बघत होतं. शांत, गुटगुटीत. शहाणं बाळ, असंच सगळे म्हणायचे.

"परत करू बारसं," स्वप्नील म्हणाला.

७

जाईबाईने कारण विचारलं नाही. नाव रुजलं नाही म्हणायचं, एवढंच ती म्हणाली. येत्या रविवारी दुपारी, चारचौघांना न बोलवता, उरकायचं ठरलं. प्राचीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा पाठ सडकणार का माझी? हेल्मेट घालून येते."

माया गावी गेली होती. त्यामुळे एक माणूस कमी पडलं. पाळण्याच्या एका बाजूला जाईबाई, दुसऱ्या बाजूला रुपाली, प्राची उशाशी, कमल स्वयंपाकात. गाठोडं पाळण्याखालून पलीकडे द्यायला जाईबाईला आता वाकवत नव्हतं.

"तूच बस खाली," जाईबाई स्वप्नीलला म्हणाली. "पुरुष बसत नाहीत. पण तुझं पोर आहे, बस."

तो पाळण्याखाली मांडी घालून बसला. पाळण्यावरून साडी सोडली होती, त्यामुळे त्याला बायकांचे पाय आणि हात तेवढे दिसत होते. आत हिरवट उजेड होता.

"हा गोप्या," जाईबाई वरून म्हणाली. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या." पहिलं गाठोडं खाली आलं.

ते उबदार होतं. हलकं होतं. कापडाखाली काहीतरी भराभर उडत होतं, चिमणी मुठीत धरल्यावर उडतं तसं.

"थांब जरा," वरून रुपालीचा आवाज आला. "आतलं दुपटं सरकलंय."

"आणि हे बाळ," जाईबाई म्हणाली. तिने आपल्या लयीत दुसरंही दिलं.

ते गार होतं. जड होतं. मांडीवर ठेवल्यावर मांडी दबली. स्वप्नीलच्या ओळखीचं वजन. इतके दिवस रोज संध्याकाळी ते त्याच्या खांद्यावर झोपत होतं.

दोन्ही कुंच्या पुढे ओढलेल्या होत्या. त्याने एकीलाही हात लावला नाही. पण हलक्या गाठोड्याने अंग झटकलं आणि कापड जरा मागे गेलं. त्याला तोंड दिसलं. फक्त तोंड. रडण्यासाठी पुरतं उघडलेलं, हिरड्या दिसत असलेलं, आणि त्यातून आवाज येत नव्हता.

रुपालीचे हात पाळण्याखाली आले, पालथ्याचे उताणे झाले. "दे," ती म्हणाली. कोणतं, ते ती बोलली नाही.

स्वप्नीलने उबदार गाठोडं तिच्या हातात दिलं.

साडी हलली. पाळण्याची कडी कुरकुरली. प्राची वाकली, कुर्र केलं, जाईबाईने तिच्या पाठीत चार धपाटे घातले आणि प्राची म्हणाली, "हर्षवर्धन."

क्षणभर काहीच झालं नाही. मग पाळण्यात रडणं फुटलं. चिरकं, संतापलेलं, खोली दणाणून सोडणारं, जन्मल्यापासून सव्वा महिना त्यांनी ऐकलं होतं तेच. गॅलरीत कुणीतरी म्हणालं, उठला वाटतं कमलबाईंचा नातू. रुपालीने त्याला उचललं. ती हसत होती आणि हसता हसता तिच्या तोंडून मोठा हुंदका आला. "बघ, कसा बघतोय हाकेला. हर्षवर्धन. बघ, कसा बघतोय."

"अरे, केवढा आवाज आहे," प्राची म्हणाली. "आणि वहिनी, गरम किती लागतोय आता."

खाली, साडीच्या आत, स्वप्नील बसून होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते आनंदाचं आहे असं तो स्वतःला सांगत होता. मांडीवरचं गाठोडं हललं नाही. ते कधीच रडलं नव्हतं. मिरचीच्या हाताने धरलं तरी नाही. त्याच्याशी तासन्‌तास बोललेलं सगळं त्यानेच ऐकलं होतं. कुंची नीट करावी म्हणून त्याने तिच्या घडीत बोट घातलं.

आतून त्याच्या बोटाभोवती मूठ मिटली. इवलीशी, गार, घट्ट.

"झिला," कमलने मोरीपाशी पाटा धुता धुता हाक मारली, "झाला मा सगळा? दी तो वरवंटो हय. वाटप करूचा हा."

वर पोर रडत होतं, बायका बोलत होत्या. आता म्हणता आलं असतं. आई, थांब. एवढंच. त्याने तोंड उघडलं.

कमलचा हात पाळण्याखाली आला. ओला, वाट बघत असलेला.

स्वप्नीलने आपलं बोट ओढलं. ते सोडवून घ्यायला त्याला जोर लावावा लागला.